गोंदियाचा चंद्र रत्नागिरीत

पंचांग छापून विकणाऱ्या एका व्यापाऱ्यावर एकदा एक विचित्र प्रसंग ओढवला. खुद्द चंद्रच त्याच्यावर रुसला, असं लोक म्हणाले. खरं म्हणजे चंद्र आपल्या जागी, आपल्या वेळेवर होता. घोटाळा खाली झाला होता, माणसांत, आणि तोही सगळ्यांनी आपापलं काम चोख केल्यानंतर. असे घोटाळे फार छळतात. कोणाची चूक हेच सापडत नाही, मग रागवायचं तरी कोणावर?

या व्यापाऱ्याकडे पंचांगाचं गणित करणारा एक वृद्ध गणिती होता. सगळे त्याला आबा म्हणत. आबांनी तरुणपणी हे सारं गणित ‘सी’ नावाच्या भाषेत लिहून ठेवलं होतं. सी ही संगणकाची जुनी भाषा, यंत्राच्या अगदी जवळची. तिच्यात यंत्राच्या स्मृतीतली एकेक जागा लिहिणाऱ्यानेच सांभाळायची. कोणी आवरून देत नाही, कोणी आठवण करत नाही. गावाचं नाव विचारावं आणि त्या गावी चंद्र केव्हा उगवणार ते आबांच्या प्रोग्रॅमने अचूक सांगावं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

पुढे व्यापाऱ्याला वाटलं, पंचांग मोबाइलवर यायला हवं. त्यासाठी त्याने शर्वाणी नावाच्या एका मुलीला कामावर घेतलं. नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली, हुशार, पण स्वभावाने भित्री. दार वाजलं तरी दचकायची. तिला पायथन येत होती. ही नवी भाषा लिहिणाऱ्याचे पुष्कळ लाड करते. जागा स्वतः शोधते, काम झालं की पसारा स्वतः आवरते, आणि काही चुकलं तर कुठे चुकलं तेही सांगते.

व्यापाऱ्याची आज्ञा सोपी होती. “आबांचं गणित आहे तसं ठेवा. त्याच्यावर तुमची ती नवी भाषा बसवा. संकष्टीच्या आत.”

‘बसवा’ म्हणायला काय जातं! शर्वाणीने जुना प्रोग्रॅम उघडला आणि तिचे डोळेच पांढरे झाले. ती आबांकडे गेली.

“आबा, हे सगळं मी पायथनमध्ये नव्याने लिहून काढू का?”

“लिही की,” आबा म्हणाले. “मग दर संकष्टीला गच्चीवर जाऊन बसायचं. चंद्र आणि आपला आकडा जुळतो का पाहायचं. नाही जुळला की दुरुस्ती. मला वीस-बावीस वर्षं लागली. तू हुशार आहेस, तुला पंधरा लागतील.”

ती निमूट परत आली आणि दोन भाषांमध्ये पूल बांधायला बसली. पुलाचं काम असं, की पायथनने विचारलेला प्रश्न सीला कळेल अशा रूपात पलीकडे न्यायचा आणि पलीकडून आलेलं उत्तर अलीकडे आणायचं. वाचायला दोन ओळींचं काम. पण जरा काही इकडचं तिकडे झालं, की आबांचा प्रोग्रॅम जागच्या जागी मान टाकायचा. पडद्यावरची खिडकी फट्‌कन नाहीशी, आणि शर्वाणी खुर्चीत दचकून उडालेली.

“आबा, परत मेला!”

“कोण गं?”

“तुमचा प्रोग्रॅम!”

“काय म्हणाला मरताना?”

“काही म्हणतच नाही ना! आमच्या पायथनमध्ये कितव्या ओळीत, कशामुळे, सगळं लिहून येतं. हा नुसता जातो. ही काय रीत झाली?”

“तू काय वाढलंस त्याला?”

“गावाचा क्रमांक.”

“त्याला गावाचं नाव लागतं.”

“मग तसं म्हणावं की त्याने!”

“अगं, जुन्या वळणाचा पाहुणा आहे तो,” आबा म्हणाले. “पानात नको ते वाढलं तर बोलत नाही. उठून जातो.”

असे बरेच दिवस गेले. शर्वाणी इतकी त्रासली, की प्रोग्रॅम चालू करताना ती डोळे मिटून घ्यायची. अखेर एका दुपारी पूल उभा राहिला. तिने रत्नागिरी विचारलं, उत्तर बरोबर. पुणं विचारलं, बरोबर. नागपूर, गोंदिया, सगळं बरोबर. व्यापाऱ्याने स्वतःचं गाव विचारून पाहिलं, तेही बरोबर. तो संतुष्ट झाला.

संकष्टीला संध्याकाळी लाखो माणसं एकाच वेळी चंद्रोदय विचारणार, हे शर्वाणीच्या लक्षात होतं. तेव्हा पुलावर गर्दी नको, म्हणून तिने सकाळीच सगळ्या गावांची उत्तरं एकदम मागून ठेवली. समुद्राकडून सुरुवात करून पूर्वेला शेवटच्या गोंदियापर्यंत. दूरदर्शीपणाचंच काम होतं ते. तिला स्वतःचं कौतुकही वाटलं असेल थोडं, आणि का वाटू नये?

त्या रात्री कोकणात ढग होते. चंद्र दिसत नसला की माणूस पंचांगातली वेळ पाहतो, अर्घ्य देतो आणि उपास सोडतो. व्यापाऱ्याच्या सासूबाई रत्नागिरीला राहत. त्यांनीही तेच केलं, आणि मग जावयाला फोन लावला.

“काय हो जावईबापू, कुठला चंद्र विकताय तुम्ही?”

“का? काय झालं, आई?”

“काय झालं म्हणून विचारताय? तुमच्या त्या मोबाइलात वेळ झाली म्हणून मी अर्घ्य दिलं. नैवेद्य दाखवला, पानावर बसले. पाहते तर ढग सरलेले, आणि हा शहाणा तेव्हा कुठे डोंगराआडून डोकं वर काढतोय! मोदक माझ्या तोंडात आणि चंद्र समोर! इतक्या वर्षांचं व्रत माझं, आणि जावयाच्या पंचांगाने मोडलं. आता शेजारणीला काय तोंड दाखवू?”

व्यापाऱ्याने फोन कानापासून दूर धरला तरी सगळ्यांना ऐकू येत होतं. त्यानंतर तर फोनांची रांगच लागली. मालवणहून, साताऱ्याहून, नाशिकहून. एकट्या गोंदियातून कोणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने शर्वाणीला बोलावलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो थंडपणे बोलला, आणि तेच जास्त भयंकर होतं.

“आबांचं गणित आता म्हातारं झालंय. बाहेर तयार गणित विकत मिळतं, माझं बोलणं झालंय. पुढची संकष्टी शेवटची. तेव्हा एक जरी गाव चुकलं, तरी आबांचा प्रोग्रॅम काढून टाकायचा. आबांचा आपण सत्कार करू. शाल, श्रीफळ, फोटो. झालं.”

“पण शेठ, गणित बरोबर आहे. मी एकेक गाव तपासलंय.”

“मग माझ्या सासूबाई चुकल्या?”



शर्वाणीने पुन्हा सारं तपासलं. एकेक गाव विचारलं की उत्तर बिनचूक. सगळी एकदम विचारून ठेवली, की सगळीच्या सगळी गावं उठून गोंदियात राहायला गेलेली! रत्नागिरीला गोंदियाची वेळ, पुण्याला गोंदियाची वेळ. पूर्वेला चंद्र आधी उगवतो; म्हणून कोकणात जवळजवळ अर्धा तास आधीच उपास सुटले होते. घोटाळा कुठे आहे ते दिसत होतं, का आहे ते मात्र काही केल्या दिसत नव्हतं. तिने पुलाचा दगड न् दगड उचकटून पाहिला. मग रडू येईल की काय अशा बेताला आल्यावर ती थेट आबांच्या घरी गेली.

आबा एकटेच राहत. ते स्वयंपाक करत होते.

“तुमच्या प्रोग्रॅमला फक्त शेवटचं गाव लक्षात राहतं,” ती दारातूनच म्हणाली.

“वयोमान.”

“आबा, थट्टा नको ना! तुम्हाला कळतंय का, ते काढून टाकणार आहेत तुमचं सगळं! शाल देणार आहेत तुम्हाला!”

आबांचा हात क्षणभर थांबला. “असं म्हणाला का तो,” एवढंच ते बोलले. मग त्यांनी विचारलं, “तू ती उत्तरं ठेवलीस कुठे?”

“कुठे म्हणजे? तुमच्या प्रोग्रॅमने जिथे दिली, त्या जागेचा पत्ता मी जपून ठेवलाय. प्रत्येक गावापुढे.”

“हं,” आबा म्हणाले. “जेवायला बस.”

“मला भूक नाहीये.”

“बस.”

आता इथे आबांनी जे केलं, ते पाहून कोणीही वैतागलं असतं. त्यांनी फळीवरून एक स्टीलची वाटी काढली, एक खिळा आणि हातोडी घेतली, आणि लग्नात भांड्यांवर नावं घालतात तसं त्या वाटीवर ठोकून ठोकून ‘शर्वाणी’ असं नाव घातलं. प्रत्येक ठोक्याला ती दचकत होती. मग त्यांनी वाटीत शेवयांची खीर वाढली आणि तिच्या पानात ठेवली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे व्यापारी होता. ती घाबरून बाहेर ओट्यावर गेली, ‘हो शेठ, बघते शेठ’ करत राहिली, आणि परत येऊन पाहते तो वाटीत ताकाची कढी.

“आबा, माझी खीर?”

“ही काय तुझी वाटी. नाव आहे ना वर?”

“नाव आहे हो! खीर कुठे गेली?”

“ती मी खाल्ली. वाटी धुतली. मग कढी वाढायची होती, वाढली.”

“पण ती माझी होती!”

“घरात वाटी एकच आहे, बाई. मी एकटा माणूस. खीर झाली की त्याच वाटीत कढी, कढी झाली की त्याच वाटीत ताक.”

“मग मला आधी सांगायचं ना! मी खाऊन टाकली असती, नाहीतर माझ्या डब्यात काढून घेतली असती. एवढं नाव घालत बसलात, मला वाटलं आता ती तिथेच राहणार. हे काय वागणं झालं? मी इथे जीव मुठीत धरून आलेय, आणि तुम्ही…”

ती बोलता बोलता थांबली. वाटीकडे पाहत राहिली.

आबा तिच्यासमोर पाटावर बसले आणि सावकाश बोलू लागले.

“मी जेव्हा ते गणित लिहिलं, तेव्हा यंत्रात जागेचा दुष्काळ होता. प्रत्येक उत्तराला नवी जागा देणं परवडत नसे. म्हणून मी उत्तरासाठी एकच जागा राखली. कोणी विचारलं की तिथे उत्तर लिहायचं. पुढच्याने विचारलं की पहिलं पुसून त्याच जागी दुसरं. त्या काळी विचारणारा तिथेच उभा असे. उत्तर मिळालं की उतरवून घेई आणि जाई. कोणाचं कधी अडलं नाही. तू मात्र उत्तर उचललं नाहीस. तू भांड्यावर रत्नागिरीचं नाव घातलंस, मग त्याच भांड्यावर पुण्याचं, मग नागपूरचं. तुझ्या भाषेत एकदा हाती आलेली वस्तू हातातच राहते, म्हणून तुला शंका आली नाही. भांड्याला नाव दिलं म्हणून आतला पदार्थ आपला होत नसतो, शर्वाणी. पदार्थ वेळीच आपल्या भांड्यात काढून घ्यावा लागतो.”

शर्वाणीने कपाळाला हात लावला. एकेक गाव विचारताना ती उत्तर लगेच वाचत होती, म्हणून ते बरोबर येत होतं. सगळी एकदम ठेवली तेव्हा ठेवलेलं सगळं एकच होतं, आणि शेवटी तिथे गोंदिया वाढलं गेलं होतं.

मग तिला रागच आला.

“हे तुम्ही सुरुवातीलाच का नाही सांगितलं? महिनाभर मी तुमच्यासमोर डोकं आपटतेय! एक ओळ सांगायला काय झालं होतं?”

आबा ओशाळले नाहीत, पण हसलेही नाहीत.

“आठवलंच नाही,” ते म्हणाले. “तू ‘पत्ता’ म्हणालीस तेव्हा उमगलं. इतकी वर्षं मी एका वाटीत जेवतोय. ही घरची रीत आहे, हे घरातल्या माणसाच्या ध्यानात येतच नाही गं. त्याला वाटतं, जग असंच जेवतं. पाहुणा उपाशी राहिला म्हणजे कळतं.”

“मग आता तुमच्या प्रोग्रॅममध्ये बदल करूया. प्रत्येक गावाला वेगळी जागा.”

“करशील. पण त्यात हात घातलास की पंधरा वर्षं गच्चीवर,” आबा म्हणाले. “पूल तुझा आहे. पुलावर बघ काय करता येतं ते. आणि ती कढी संपव, मला ताक घ्यायचंय.”

काम एका ओळीचं होतं. उत्तर पलीकडून आलं, की पुढचा प्रश्न विचारण्याआधी त्याची प्रत करून अलीकडच्या, स्वतःच्या जागेत ठेवायची. शर्वाणीने ती ओळ लिहिली आणि सगळी गावं एकदम विचारली. वेळा आता गावागणिक वेगळ्या होत्या. गोंदियाची सगळ्यांत आधी, किनाऱ्यावरची सगळ्यांत शेवटी. तिने त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. तिचा विश्वास बसेना. ज्या ओळीसाठी इतके दिवस झोप उडाली, ती ओळ एवढीशी असते, याचा आनंद मानायचा की संताप करायचा, हे कळत नाही.

संकष्टी आली. अंधार पडल्यावर व्यापारी कार्यालयाच्या गच्चीवर येऊन बसला. शर्वाणी समोर उभी. त्याने गोंदियातल्या आणि नागपुरातल्या आपल्या विक्रेत्यांना फोन लावायला सांगितलं होतं, आणि रत्नागिरीची जबाबदारी अर्थातच सासूबाईंनी स्वतःकडे घेतली होती. शर्वाणीने आबांनाही यायला सांगितलं होतं. ते म्हणाले, “चंद्र माझ्या गच्चीवरूनही दिसतो.”

गोंदियाहून फोन आला, “दिसला, शेठ. वेळेवर.” थोड्या वेळाने नागपूरहून आला. मग व्यापाऱ्यानेच समोर आकाशात पाहिलं, हातातल्या मोबाइलात पाहिलं, आणि खुर्ची जराशी पुढे ओढली. शर्वाणी तेवढ्या आवाजानेही दचकली.

आता रत्नागिरी उरली. सासूबाई फोनवरच होत्या.

“आई, दिसतोय का?”

“नाही.”

“वेळ होत आलीय.”

“तुमच्या वेळेचं मला सांगू नका. एकदा फसलेय मी. या खेपेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही.”

शर्वाणीच्या डोळ्यांपुढे ती शाल येत होती, आणि तो फोटो, ज्यात आबांनी मान खाली घालून नारळ धरलेला असेल. मोबाइलातला आकडा पुढे सरकला आणि रत्नागिरीची वेळ झाली.

“आई?”

“थांबा हो!” फोनमधून आवाज आला. मग काही क्षण नुसता वारा. मग, “आला गं बाई. लालबुंद आहे, पण आला. जावईबापू, ठेवा फोन. माझा नैवेद्य निवतोय.”

व्यापाऱ्याने फोन ठेवला. मग शर्वाणीकडे न बघताच तो म्हणाला, “त्या बाहेरच्या माणसाला उद्या कळवून टाका, गणित नको म्हणून. आमच्याकडे आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वाणी आबांकडे गेली. त्यांना सारं आधीच कळलं होतं. ते खूश होते, पण दाखवत नव्हते, उलट “सासूबाईंचा उपास सुटला ना वेळेवर?” एवढंच विचारून पुन्हा वाचनात गढले.

ती गेली नाही. उभीच राहिली.

“आबा, पुढे एकादशी घ्यायचीय, मग ग्रहणं घ्यायचीत. तुमच्या त्या गणितात आणखी कायकाय रीती आहेत? आत्ताच सगळ्या सांगून ठेवा मला. पुन्हा असा जीव टांगणीला नको.”

आबांनी चष्मा काढला. खूप विचार केला. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, “आठवत नाहीत गं एकही.”

एरवी ती चिडली असती. चिडण्यासारखंच उत्तर होतं ते. पण यावेळी तिला त्यातलं खरेपण कळलं. तिने कोपऱ्यातला पाट ओढला, त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, “बरं. मग मी एकेक मूर्खासारखा प्रश्न विचारत जाते. तुम्हाला कितीही कंटाळा आला तरी उत्तर द्यायचं. पहिला प्रश्न: एकादशी विचारायची तर तुमच्या प्रोग्रॅमच्या दारात आधी काय आणून ठेवावं लागतं?”

आबा उत्तर द्यायला गेले, आणि थबकले. “अरेच्चा,” ते म्हणाले. “हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.”

जुन्या माणसाचं असो वा जुन्या यंत्राचं, ज्ञान आपल्यापर्यंत आणायचं असेल तर असं त्याच्या समोर बसून विचारण्याची लाज वाटून चालत नाही.